आधी गोळी सांगा, मग खोकला



लॅबमध्ये मोटर सुरू करायच्या आधी सर पहिला प्रश्न विचारतात, "नेमप्लेट वाचली का?" वाचली नसेल तर जर्नलवर सही मिळत नाही. साधी आयसी हातात आली तरी आपण डेटाशीट शोधतो. किती व्होल्ट चालतील, किती तापमानाला जळेल, सगळं बघतो. पण औषधाच्या खोक्यात घडी घातलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा जो कागद असतो, तो कोण वाचतं? आपल्याकडे तर बहुतेक वेळा खोकंही मिळत नाही. मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापतो, कागदी पाकिटात टाकतो, वर पेनाने १-०-१ लिहितो... झालं!

फिटच्या गोळ्यांसोबत येणाऱ्या अशा कागदावर खाली कुठेतरी, 'अत्यंत क्वचित' या सदरात, एक ओळ असते. ताप, अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज, यकृताला किंवा फुप्फुसाला त्रास. हजारांतल्या एखाद्याच्याच वाट्याला येणारी ही ओळ आमच्या घरी येऊन गेली. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी फिटविषयी थोडं. कुणी मिरगी म्हणतं, कुणी आकडी, कुणी फेफरं. पुस्तकात अपस्मार. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलत असतात. कधीकधी खूप पेशी एकाच वेळी, कारण नसताना, एका तालात संदेश सोडायला लागतात. इलेक्ट्रिकलच्या मित्रांना एका शब्दात सांगायचं तर सर्ज! माणूस पडतो, हातपाय झटकतो किंवा नुसताच काही क्षण हरवल्यासारखा बघत राहतो. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि आपल्या देशात १ कोटीहून जास्त. म्हणजे हा काही कुणा एकाच्या घरावरचा शाप नाही.

यावरची औषधं कशी सापडली तेही गमतीचं आहे. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर फिटच्या रुग्णांच्या वॉर्डाच्या वर राहायचा. रात्री खालच्या गडबडीने झोप येईना, म्हणून त्याने रुग्णांना झोपेचं औषध, फेनोबार्बिटोन, दिलं असं सांगतात. झोप तर मिळालीच, पण फिटही कमी झाल्या. १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन शोधून काढलं. याने गुंगी न येता फिट थांबत होत्या. पुढे १९६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये पिएर आयमार हा विद्यार्थी आपल्या प्रबंधासाठी काही रसायनं तपासत होता. ती विरघळवायला त्याने व्हॅल्प्रोइक आम्ल वापरलं आणि लक्षात आलं की फिट थांबवण्याचा गुण रसायनांत नाही, त्या द्रावकातच आहे! प्रोजेक्ट करताना रीडिंग चुकीचं आलं म्हणून वैतागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या औषधांमुळे कोट्यवधी लोक शाळेत गेले, नोकरीला लागले, त्यांचे संसार झाले. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी घाबरून गोळी बंद केली तर लेखाने भलं होण्याऐवजी वाईटच होईल.

आता आमच्या घरची गोष्ट. ताईला विचारून लिहितोय. तिनेच सांगितलं, "नाव नको टाकू, बाकी सगळं लिही."

आमचं गाव अंबड तालुक्यात. थोडी मोसंबी, बाकी कापूस. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी तिला महिन्याभरात दोनदा पहाटे फिट आली. जालन्याला आणून तपासण्या केल्या आणि डॉक्टरांनी कार्बामाझेपीन ही गोळी सुरू केली. गोळी चांगली लागू पडली, फिट थांबली. पण त्याच दिवसांत परतूरकडच्या पाव्हण्यांशी सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. तेव्हा हे फक्त आई, बाबा, ताई आणि मी, एवढ्या चौघांतच राहिलं. आजीलासुद्धा सांगितलं नव्हतं. गोळ्यांची पट्टी तुरीच्या डाळीच्या डब्यात असायची. मी तेव्हा इथे होस्टेलला, पहिल्या वर्षाला.

चौथ्या आठवड्यात ताईला ताप आला. कापूस वेचणीचे दिवस होते. आजी म्हणाली, "कापसाचं तूस गेलं असंल नाकात, अन् वरून थंडी." कोरडा खोकला सुरू झाला. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, छातीवर आणि दंडावर लाल पुरळ उठलं. गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन आणि खोकल्याची बाटली मिळाली. पाचव्या दिवशी तिला जिना चढताना धाप लागायला लागली. मग मोठ्या दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना पांढरे डाग. न्यूमोनिया असावा, टीबीही बघावा लागेल, असं ठरलं. बेडका तपासला, त्यात काही निघालं नाही. सलाइनमधून औषधं चालू झाली, तरी ताप हटेना.

आणि या सगळ्या दिवसांत आई सकाळ-संध्याकाळ न चुकता, पदराआडून, फिटची गोळी ताईला देत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, एकही वेळ चुकवायची नाही! आईने एकही वेळ चुकवली नाही.

शेवटी संभाजीनगरला हलवलं. मी कॉलेजातून एसटीने तिथे पोहोचलो तेव्हा छातीचे डॉक्टर खाटेपाशी उभे होते. परतूरच्या पाव्हण्यांकडच्या एक मावशीही विचारपूस करायला आलेल्या होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी कुठलं औषध चालू आहे का? कुठलंही. झोपेचं, अंगदुखीचं, फिटचं?"

आईने एकदा मावशींकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही हो डॉक्टरसाहेब. आमची पोर साधी तापाची गोळी पण घेत नाही."

ताईने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला केला. "आहे," ती म्हणाली. "फिटची गोळी. सत्तावीस दिवस झाले."

खोलीत कुणी काही बोललं नाही. डॉक्टरांनी आईला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त म्हणाले, "पट्टी आहे का जवळ? दाखवा." आईने कनवटीला खोचलेला रुमाल काढला. त्यात पट्टी होती. डॉक्टरांनी ती वाचली, रक्ताच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या होत्या. यकृताचे आकडेही वर गेलेले होते. "हा जंतूंचा न्यूमोनिया वाटत नाही," ते म्हणाले, "हे औषधामुळे झालंय."

ती गोळी त्याच दिवशी बंद केली. पण नुसती बंद केली नाही, त्याच दिवशी वेगळ्या जातीची दुसरी गोळी, लेव्हेटिरॅसिटॅम, सुरू केली. सोबत स्टेरॉइड. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आठवड्याभरात धाप कमी झाली. स्टेरॉइड मात्र हळूहळू कमी करत दोन महिने चाललं, कारण ते घाईने थांबवलं तर हा त्रास उलटतो. परतूरची सोयरीक पुढे गेली नाही. तिकडून निरोपही आला नाही. आई बरेच दिवस कुणाशी बोलत नव्हती. ताई आता बी.एड. च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि कुठल्याही दवाखान्यात गेली की पर्समधली चिठ्ठी आधी काढून ठेवते.

असं का होतं, यावर मी नंतर बरंच वाचलं. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपीन या तिन्ही औषधांच्या रेणूत बेंझीनचं कडं आहे. बारावीच्या केमिस्ट्रीत काढून काढून हात दुखायचे, तेच षटकोनी कडं. यकृत हे औषध शरीराबाहेर काढण्यासाठी तोडतं तेव्हा मधल्या पायरीवर एक तिखट पदार्थ तयार होतो. बहुतेकांच्या शरीरात तो लगेच निकामी केला जातो. काहींच्या शरीरात मात्र हे काम पुरेसं होत नाही, तो पदार्थ शरीराच्याच प्रथिनांना चिकटतो, आणि आपली रोगप्रतिकारशक्ती घरच्याच माणसाला चोर समजून मारायला धावते, असं मानलं जातं. यात आनुवंशिकतेचाही भाग आहे. २०११ साली युरोप आणि जपानमधल्या संशोधकांनी कार्बामाझेपीनच्या अशा प्रतिक्रियांचा संबंध एका विशिष्ट जनुक-प्रकाराशी दाखवून दिला.

या आजाराला १९९६ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 'ड्रेस' हे नाव दिलं. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत ती, कपड्यांशी काही संबंध नाही! प्रमाण साधारण १,००० ते १०,००० जणांत एक. बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यावर २ ते ८ आठवड्यांत हे दिसतं. म्हणूनच फसायला होतं. पहिल्या दिवशी पुरळ उठलं तर कुणीही गोळीवर संशय घेईल. महिना झाल्यावर कोण घेणार? सगळ्यात जास्त मार यकृताला बसतो, काही जणांच्या मूत्रपिंडाला, काहींच्या फुप्फुसाला. वेळेत ओळखलं तर माणूस बरा होतो. गंभीर झालं तर दहातला एक दगावू शकतो. आणि एका गोळीने असं झालं की त्याच कड्याच्या दुसऱ्या गोळीनेही होण्याची शक्यता बरीच असते. ताईला कार्बामाझेपीनऐवजी फेनिटॉइन का दिलं नाही, ते तेव्हा कळलं.

फिटच्या औषधांचा श्वासाशी संबंध एवढ्यावरच संपत नाही. क्वचित एखाद्याला पुरळ न उठता फक्त फुप्फुसालाच सूज येते, खोकला आणि धाप एवढंच दिसतं. व्हॅल्प्रोएटमुळे फार क्वचित फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठतं, आणि त्यात पुन्हा तेच इओसिनोफिल सापडतात. फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम यांसारख्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचा प्रकार वेगळा. तिथे ॲलर्जी नाही. डोस जास्त झाला किंवा वरून दारू घेतली तर मेंदूचा श्वासावरचा ताबाच मंद होतो. थर्टी फर्स्टचे बेत आखणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही औषधं मूळची फिटच्या गटातली, पण आपल्याकडे कंबरदुखीला आणि हातापायांच्या मुंग्यांना सर्रास दिली जातात. ज्यांना दम्यासारखा, सीओपीडीसारखा श्वासाचा आजार आधीच आहे किंवा ज्यांचं वय जास्त आहे, त्यांना यांनी श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. गावाकडे आजोबांची औषधाची पिशवी एकदा उघडून बघा.

आता कुणी म्हणेल, खोकला आला की लगेच गोळीवर आळ घ्यायचा का? अजिबात नाही. आपल्या जालन्यात खोकल्याला कारणांची कमी नाही. सळईच्या कारखान्यांचा धूर आहे, जिनिंगचं तूस आहे, उन्हाळ्यातला फुफाटा आहे, चूल आहे. टीबी तर आहेच. फिट आली असताना थुंकी किंवा अन्न श्वासनलिकेत गेलं तर त्यानेही न्यूमोनिया होतो, आणि हे औषधाच्या ॲलर्जीपेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं. म्हणून फिट आलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, चमचा, बोट काहीही घालायचं नसतं. नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याचा तर काडीचा उपयोग नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं किंवा मधे शुद्ध न येता दुसरी फिट आली तर १०८ ला फोन.

या सगळ्या कारणांतून खरं कारण निवडणं डॉक्टरांचं काम. पण निवडीच्या यादीत गोळीचं नाव यायला तर हवं! आणि ते नाव सांगणारे फक्त आपण. टीबीचंच उदाहरण घ्या. टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड हे औषध फेनिटॉइन शरीराबाहेर जाण्याचा मार्ग अडवतं. फेनिटॉइनचं गणित आधीच सरळ रेषेचं नाही. डोस थोडासा वाढला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उडी मारतं, कारण ते तोडणारी यकृतातली यंत्रणा भरून जाते. त्यात हे अडथळ्याचं काम झालं की माणूस झोकांड्या खायला लागतो. याउलट रिफाम्पिसिन काही औषधांचं प्रमाण घटवतं, म्हणजे फिट परत येऊ शकते. म्हणजे टीबी नसताना तर नुकसान आहेच, खरोखर टीबी असला तरीही फिटची गोळी लपवून चालत नाही.

आणि दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. संशय आला म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. अचानक बंद केल्याने एकामागून एक फिट येत राहण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो. ताप, पुरळ, सूज, धाप यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, पट्टी हातात घेऊन. बंद काय करायचं, त्याच्या जागी काय द्यायचं, ते ते ठरवतील.

एवढं साधं आहे तर लोक लपवतात का? उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मुलगी असेल तर लग्न, मुलगा असेल तर नोकरी. एके काळी कायदाही आपल्या आज्यांच्या बाजूने होता. हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार हे लग्न रद्द करण्याचं कारण होतं. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले गेले. कायदा बदलला, डाळीचा डबा मात्र तिथेच राहिला! पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःचा फिटचा आजार न लपवता 'संवेदना' हा मदतगट उभा केला, फिट असलेल्यांचे विवाहमेळावेसुद्धा घेतले. अनिल अवचटांची पुस्तकं आपल्यातल्या पुष्कळांनी वाचली असतील. यशोदाताई त्यांच्या कन्या. उघडपणे सांगूनही संसार होतात, हे त्या मेळाव्यांनी दाखवून दिलं.

आणि होस्टेलचं काय? एवढ्या मोठ्या होस्टेलमध्ये फिटची गोळी घेणारा कुणीच नसेल, असं मला वाटत नाही. कुणी ती व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवत असेल, कुणी दिवे गेल्यावर घेत असेल. सगळ्या विंगला सांगायची गरज नाही. रूममेटला सांगा. वॉर्डन सरांना सांगा. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, त्यावर औषधाचं नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख. आणि ज्याला असं सांगितलं जाईल त्याने ते मेसमध्ये चघळायचं नाही, एवढंच. मित्राला अंगात ताप भरला आणि तो धड बोलू शकत नसला तर दवाखान्यात डॉक्टर तुम्हालाच विचारणार आहेत.

अशी प्रतिक्रिया कुणाला आली तर ती नोंदवताही येते. २०१० पासून आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचं काम आहे. १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर आहे, आणि नोंद डॉक्टरांनीच करावी असं नाही, रुग्ण किंवा घरचेही करू शकतात. याच नोंदींचा अभ्यास करून २०२३ च्या अखेरीस या संस्थेने मेफेनामिक ॲसिडविषयी इशारा दिला की त्यानेही 'ड्रेस' होऊ शकतो. पोटदुखीला, अंगदुखीला आपण सहज जी गोळी मागून घेतो, तीच ही. कुणीतरी, कुठेतरी, फॉर्म भरला म्हणून ते कळलं.

२०२४ पासून आपल्या जालन्यात सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं आहे. आपल्याच वयाची मुलं तिथे रुग्णाला काय काय विचारायचं ते शिकत आहेत. "घरी कुठलं औषध चालू आहे?" हा त्यांचा अगदी पहिल्या काही प्रश्नांतला प्रश्न असणार. विचारणारे आता गावातच तयार होत आहेत. खरं उत्तर देण्याची सवय तेवढी आपण लावून घेऊ या.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी